दुपारी झोपणाऱ्याचा हिशोब

दोस्तहो, गेल्या महिन्यातल्या मोर्च्याला मी नव्हतो. त्यानंतरच्या बैठकीत एक जण बोलला, "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, अन् हा बेटा दुपारीच झोपते बे!" सगळे हसले. मीही हसलो. ते हसू अजून गळ्यात अडकून आहे, म्हणून लिहितो.

मला सिकलसेल आहे. एसएस. विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना अन् आदिवासी गावांना हा शब्द नवा नाही. धडधाकट माणसाची तांबडी पेशी 120 दिवस जगते. माझी 10-20 दिवसांत मरते. विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते, अन् मग हाडं अशी ठणकतात की माणूस गुरासारखा हंबरतो. थंडी, तहान, ताप, जास्तीची मेहनत, काहीही पुरते. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीनं माझे झटके कमी झाले. थकवा गेला नाही.

म्हणून सकाळी उठल्याबरोबर मी हिशोब मांडतो. आज अंगात किती आहे? बोअरिंगवरून दोन गुंड पाणी आणलं तर संध्याकाळी शिकवणीची पोरं परत पाठवावी लागतात. गोळ्यांसाठी दवाखान्याच्या लाइनीत उभा राहिलो तर उद्याचा दिवसही गेला. पैसेवाल्यालाही आजार होतो, नाही कशाला म्हणू. पण त्याच्या घरात नळ आहे, दारात गाडी आहे. त्याची ताकद दुखण्याशी लढायला उरते. आपली दुखण्यापर्यंत पोचेस्तोवर संपते.

माझी माय रोवण्याला जायची. मी बांधावर बसलो की मालक म्हणायचा, "ही जातच कामचोर." तोच शब्द जरा धुऊन-पुसून आपल्या बैठकीत आला. मालकाचा मला राग आला होता. तुमचं मात्र वाईट वाटलं.

सरकारचं तर विचारूच नका. 2016 च्या कायद्यानं सिकलसेल अपंगत्वाच्या यादीत घेतला, पण त्याच कायद्यातल्या नोकरीच्या 4 टक्के राखीव जागांत रक्ताच्या आजाराला जागा नाही. 2023 साली मिशन काढलं, 2047 पर्यंत सिकलसेल मिटवणार म्हणे. तपासण्या व्हाव्यात, मी विरोधात नाही. माझा प्रश्न आज दुपारचा आहे.

अन् बाबासाहेबांचं म्हणाल तर, त्यांना मधुमेह होता. पाय दुखायचे. शेवटच्या वर्षांत चालायला आधार लागायचा. तसल्या शरीरानं त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून काढला. अठरा तास आपण पोरांना सांगतो. तो आधार कोणी सांगत नाही.

मला मोर्च्यात चालवत नाही. पत्रकं लिहितो, अर्ज लिहितो, पडल्या पडल्या फोन करतो. हे काम धरायचं की नाही, ते एकदा ठरवा. रात्री दहाच्या बैठका बंद करा. पुढची माझ्या घरी, ओसरीवर घ्या, सकाळी. चहा मिळेल. पाणी मात्र येताना तुम्ही भरून आणा.