डायर वुल्फला घाबरता, आणि कुत्र्याच्या नखाला हळद लावता?



काही आठवड्यांपूर्वी माझे एक जुने पेशंट ब्लडप्रेशर तपासायला आले. वय बासष्ट. गोळ्या वेळेवर घेतात, मीठ कमी केले आहे, तरी त्या दिवशी बीपी चढलेले. कारण विचारले तर त्यांनी मोबाईल पुढे केला. "डॉक्टर, हे बघितलंत का? अमेरिकेत हजारो वर्षांपूर्वी मेलेला लांडगा परत जिवंत केलाय. आता मॅमथ आणणार म्हणे. त्यांच्याबरोबर तेव्हाचे रोग आले म्हणजे? करोना परवडला म्हणायची वेळ येईल!"

मी समजूत घातली, गोळी थोडी वाढवून दिली. दार उघडून बाहेर पडता पडता ते थांबले आणि म्हणाले, "अरे हो, विचारायचं राहिलंच. परवा नातवाच्या पोटरीला गल्लीतल्या कुत्र्याचं नख लागलं. थोडं रक्त आलं. हळद लावलीय. इंजेक्शनची काही गरज नाही ना?"

दहा हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्याने काकांची झोप उडवली होती, आणि दोन दिवसांपूर्वीच्या कुत्र्याच्या नखावर हळद लावून ते निश्चिंत होते. आजचा लेख त्यांच्यासाठी, आणि तसाच व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्या तुम्हा सर्वांसाठी आहे. माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. नामशेष झालेले प्राणी परत आल्यामुळे आपण आजारी पडणार नाही; प्राणी नामशेष झाल्यामुळे मात्र आपण आजारी पडलो आहोत, माणसेही मेली आहेत, आणि तीही आपल्याच देशात.

लांडगा आला रे आला!

आधी त्या लांडग्याचे पाहू. अमेरिकेतील कोलोसल बायोसायन्सेस या कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले की आम्ही डायर वुल्फ परत आणला. तीन पिल्ले जन्मली. प्रत्यक्षात काय केले? जुना दात आणि कवटी यांतून डीएनए मिळवून त्याचा आराखडा वाचला. मग आजच्या राखाडी लांडग्याच्या पेशीत १४ जनुकांमध्ये मिळून २० बदल केले आणि त्यापासून तयार झालेला गर्भ कुत्रीच्या गर्भाशयात वाढवला. म्हणजे ही पिल्ले आजच्याच लांडग्याची, थोडा फेरफार केलेली. हे डायर वुल्फ नव्हेत असे लांडगा-कुत्रा कुळाचा अभ्यास करणाऱ्या जागतिक तज्ज्ञांच्या गटाने स्पष्ट सांगितले आहे.

आता रोगांचा प्रश्न. डीएनए वाचणे म्हणजे कृती वाचणे. पणजीच्या जुन्या वहीत पुरणपोळीची कृती सापडली आणि ती वाचून तुम्ही आज पोळ्या केल्या, तर पणजीच्या काळातली बुरशी तुमच्या पोळीवर येईल का? पीठ आजचे, पुरण आजचे, तवाही आजचा. तसेच या पिल्लांचे. त्यांच्या अंगावर जे जंतू येतील ते त्यांना वाढवणाऱ्या कुत्रीचे, सांभाळणाऱ्या माणसांचे, म्हणजे आजच्याच जगातले.

धोका अगदी शून्य, असे कोणताही शहाणा डॉक्टर कशाबद्दलच म्हणत नाही. असे प्राणी उद्या जंगलात सोडले तर ते आजचे रोग इकडून तिकडे नेऊ शकतील. म्हणून त्यांच्यावर लक्ष हवे. पण "प्राचीन विषाणू घेऊन आलेला लांडगा" ही निव्वळ गोष्ट आहे. आणि "लांडगा आला रे आला" ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. खोट्या हाकेला धावणारा माणूस खऱ्या हाकेच्या वेळी झोपलेला असतो.

बर्फाखाली काय दडले आहे?

"पण डॉक्टर, सैबेरियाच्या बर्फातून विषाणू निघाले ते तरी खरे ना?" खरे आहे. फ्रान्सच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या गोठलेल्या जमिनीतून हजारो वर्षांपूर्वीचे विषाणू मिळवून प्रयोगशाळेत पुन्हा क्रियाशील केले. एक ३०,००० वर्षांपूर्वीचा होता, दुसरा सुमारे ४८,५०० वर्षांपूर्वीचा. पण हे विषाणू अमिबा नावाच्या एकपेशीय जिवाला बाधतात, माणसाला नाही. शास्त्रज्ञांनी सुरक्षेसाठी मुद्दामच तसे विषाणू शोधले होते. याउलट १९१८ च्या फ्लूच्या साथीत मेलेल्या माणसांची शरीरे अलास्काच्या गोठलेल्या जमिनीत होती. १९५१ मध्ये त्यांच्या फुप्फुसांचे नमुने घेऊन विषाणू वाढवायचा प्रयत्न झाला. तो काही जिवंत झाला नाही.

बर्फातून खरा रोग आल्याचे उदाहरण हवे असेल तर ते २०१६ चे आहे, रशियाच्या उत्तरेकडील यामाल भागातले. त्या वर्षी कडक उन्हाळा पडला, गोठलेली जमीन वितळली, आणि अँथ्रॅक्स, म्हणजे आपल्याकडची काळपुळी, पसरली. २,००० हून जास्त रेनडिअर मेले. बारा वर्षांचा एक मुलगा दगावला. सर्वांत संभवनीय कारण असे मानले जाते की पूर्वी या रोगाने मेलेल्या रेनडिअरच्या अवशेषांतले जंतू मोकळे झाले. अँथ्रॅक्सचा जंतू कठीण कवचाच्या बीजाच्या रूपात जमिनीत अनेक दशके टिकतो.

यात मॅमथ कुठेही नाही. रेनडिअर हा आजचा पाळीव प्राणी. आणि ही साथ एवढी भडकली कशी? कित्येक वर्षे रोग दिसला नाही म्हणून २००७ मध्ये तिथे रेनडिअरचे लसीकरण बंद केले होते. जंतू जमिनीत होताच. लसीचे कुंपण आपण काढले. "आता हा रोग राहिला नाही, लस कशाला?" हे वाक्य मी माझ्या ओपीडीतही ऐकतो. म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवा.

आपल्या आकाशातून कोण गेले?

आता खऱ्या विषयाकडे येऊ. तुमचे वय पन्नाशीच्या पुढे असेल आणि बालपण गावात गेले असेल, तर एक आठवण नक्की असेल. गावाबाहेर मेलेले बैल-गाय टाकायची जागा, आणि तिथे उतरलेली गिधाडे. आम्हा मुलांना त्यांची किळस यायची. पण पाहता पाहता बैलाचा सांगाडा उरायचा, स्वच्छ. कुजणे नाही, वास नाही, माश्या नाहीत. गिधाडाच्या जठरातले आम्ल इतके तीव्र असते की कुजलेल्या मांसातले बहुतेक जंतू त्यात टिकत नाहीत. ही आपली फुकटची आरोग्यसेवा होती.

आज तुमच्या नातवंडाला विचारा, गिधाड पाहिले आहे का? १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारातले एक उरले. लांब चोचीची गिधाडेही सुमारे ९७ टक्क्यांनी कमी झाली. मुंबईत पारशी समाजाच्या डुंगरवाडीतही गिधाडे येईनाशी झाली आणि त्यांना सौरऊर्जेचा आधार घ्यावा लागला. जाती पूर्ण नामशेष झाल्या नाहीत इतकेच. आपल्या बहुतेक गावांपुरत्या त्या नामशेषच आहेत.

मग ती मेलेली जनावरे कोण खाऊ लागले? भटकी कुत्री. त्यांना अन्न मिळाले, संख्या वाढली. कुत्रे काही गिधाडाइतके चोख काम करत नाही. उरलेले सडते, पाण्यात जाते. आणि कुत्र्यामागोमाग येतो रेबीज.

आकडे ऐका. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अंदाज काढला की गिधाडे गेल्यामुळे १९९२ ते २००६ या काळात देशात रेबीजचे सुमारे ४८,००० जादा मृत्यू झाले. २०२४ मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी पूर्वी गिधाडे असलेले जिल्हे आणि नसलेले जिल्हे यांची तुलना केली. गिधाडे गेलेल्या जिल्ह्यांत माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढलेला दिसला. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात रेबीज आहे आणि दूषित पाणीही आहे.

पाच लाख! यावर किती व्हिडिओ तुमच्या ग्रुपवर आले?

यात आमचेही औषध आहे

गिधाडे कशाने मेली? डायक्लोफिनॅकने. हो, तेच औषध, जे तुमच्या कंबरेसाठी, गुडघ्यासाठी, दाढेसाठी मी आणि माझ्यासारख्या हजारो डॉक्टरांनी लिहिले आहे. १९९० च्या दशकात ते स्वस्त झाले आणि गुरांनाही सर्रास दिले जाऊ लागले. इंजेक्शन दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात आणि काही दिवसांत ते मरते. पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी हे २००४ मध्ये सिद्ध केले. शेकडा एकाहूनही कमी मेलेल्या जनावरांत हे औषध असले, तरी गिधाडांचा नायनाट व्हायला तेवढे पुरते, असे गणित नंतर मांडले गेले. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. तोटा भरून निघत नाही.

इथे एक गैरसमज टाळा. तुम्ही गुडघ्यासाठी घेतलेल्या गोळीने गिधाड मरत नाही. प्रश्न गुरांना टोचलेल्या औषधाचा आहे. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या दुकानातून गोठ्यात जातच राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शन ३ मिलीच्या एका डोसच्या बाटलीतच विकायचा नियम आला. २०२३ मध्ये गुरांसाठी अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न बाधणारा पर्याय वीस वर्षांपासून माहीत आहे. तरी चिठ्ठीशिवाय औषध देणारा दुकानदार आणि "कालचंच इंजेक्शन द्या" म्हणणारा ग्राहक, दोघेही अजून आहेत.

"विज्ञान परत आणेल" हे औषध नव्हे

मला त्या लांडग्याच्या बातमीची भीती वाटत नाही, राग येतो. कारण ती ऐकून लोकांना वाटते, गेले ते परत आणता येते. स्पेनमध्ये बुकार्डो ही रानबकऱ्याची उपजात २००० मध्ये संपली. २००३ मध्ये तिचे क्लोन केलेले पिल्लू जन्मले आणि फुप्फुसातील दोषामुळे काही मिनिटांत मेले. एक पिल्लू जगले असते तरी कळप झाला नसता. आपल्याकडे हरियाणातल्या पिंजोर येथे गिधाडांचे प्रजनन केंद्र आहे. तिथे वीस वर्षे एकेक अंडे जपत काम चालू आहे. ते मोलाचे आहे. पण कोट्यवधींच्या जागी शेकडो पक्षी, हा हिशोब तुम्हीच करा. आम्ही डॉक्टर डायबेटिसच्या पेशंटला सांगतो की पाय वाचवा, कृत्रिम पाय मिळतो म्हणून जखमेकडे दुर्लक्ष करू नका. तसेच आहे हे.

मी हे तळमळीने लिहितो याला कारण आहे. एमडीच्या काळात, नव्वदच्या दशकात, रात्रपाळीला मी रेबीजचा पेशंट पाहिला. तिशीतला शेतकरी. दोन महिन्यांपूर्वी कुत्रे चावलेले, जखमेत मिरची भरलेली. पाण्याचा पेला पाहिला की घसा आवळायचा. पंख्याचा वारा सहन होत नव्हता. आणि मधल्या वेळात तो पूर्ण शुद्धीवर होता. "डॉक्टर, मी बरा होईन ना?" असे त्याने मला विचारले. लक्षणे सुरू झाल्यावर रेबीजवर आजही इलाज नाही. त्याला मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. प्रश्न आठवतो.

तुम्ही काय करायचे?

१. कुत्रे, मांजर, माकड चावले किंवा नखाने ओरखडले, तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून. हळद, मिरची, चुना, तेल काही लावू नका.

२. त्याच दिवशी दवाखाना गाठा. उशीर झाला असेल तरी जा. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. पहिला डोस म्हणजे शून्य दिवस धरून ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी लस. कातडीत देण्याच्या पद्धतीत १४ व्या दिवसाचा डोस नसतो. "दोन घेतले, बरे वाटतेय" म्हणून सोडू नका.

३. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागते. डॉक्टरांना तसे विचारा.

४. घरचे कुत्रे असो वा सोसायटीतले, त्याला दरवर्षी रेबीजची लस द्या. कुत्री मारून रेबीज जात नाही. लस आणि नसबंदीने आटोक्यात येतो.

५. घरी गुरे असतील तर वेदनेच्या इंजेक्शनचे नाव पशुवैद्यांना विचारा आणि मेलॉक्सिकॅमचा आग्रह धरा. तुमच्या नावाची डायक्लोफिनॅकची बाटली गोठ्यात नेऊ नका.

६. पुढचा भयंकर प्राचीन विषाणूचा व्हिडिओ आला, की तो पुढे पाठवण्याआधी घरातल्या मुलांच्या लसींचे कार्ड एकदा उघडून पाहा.

काकांना मी त्याच पावली परत बसवले. नातवाला तासाभरात बोलावून घेतले, हळद धुऊन काढली, लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही दिले. पोरगा रडला, पण पाचही डोस पूर्ण केले. शेवटच्या डोसला काका म्हणाले, "डॉक्टर, त्या लांडग्याचं पुढे काय झालं?"

मी म्हटले, "तो कुंपणात मजेत आहे. तुम्ही गिधाडाचं विचारा."