केशरी की ‘ऑरेंज’?

इंग्रजीचा श्रीगणेशा करणाऱ्या मुलांपुढे राष्ट्रध्वजांचा पाठ फार लवकर येतो. त्याचे कारण उघड आहे. रंग, आकार आणि आकडे एवढे शब्द हाती आले की जिचे वर्णन करता येते, अशी ध्वजासारखी दुसरी वस्तू क्वचितच सापडेल. भिंतीवर तक्ता लागतो, बाई तिरंग्याच्या वरच्या पट्ट्यावर पट्टी टेकवून रंग विचारतात आणि साऱ्या वर्गातून एकमुखाने उत्तर येते, ‘ऑरेंज!’ मधला ‘व्हाइट’, खालचा ‘ग्रीन’. मधोमध काय आहे? ‘सर्कल!’ मग सर्व मिळून वाक्य तयार होते: भारताचा ध्वज ऑरेंज, व्हाइट आणि ग्रीन आहे, त्याच्या मध्यभागी एक सर्कल आहे. व्याकरण निर्दोष, उच्चार स्पष्ट. बाई समाधानी आणि घरी हेच वाक्य ऐकणारे पालकही समाधानी.

अडचण एवढीच की हे वर्णन भारताच्या ध्वजापेक्षा नायजर ह्या पश्चिम आफ्रिकी देशाच्या ध्वजाला अधिक लागू पडते. वर नारिंगी, मध्ये पांढरा आणि खाली हिरवा असे तीन आडवे पट्टे, पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध एक भरीव नारिंगी वर्तुळ, असा तो ध्वज आहे. फ्रान्सच्या अंमलातून मुक्त होण्याच्या आदल्या वर्षी, १९५९ साली, त्या देशाने तो स्वीकारला. तिरंगा कधीही न पाहिलेल्या एखाद्या चित्रकाराने आपल्या मुलाचे इंग्रजी वाक्य ऐकून नायजरचा ध्वज रंगवून दिला, तर त्याला दोष देता येणार नाही. दोष वाक्याचा आहे.

ही केवळ शब्दांची कीस काढण्याची हौस आहे, असे कोणास वाटेल. म्हणून थोडे मागे जाणे आवश्यक आहे. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत पंडित नेहरूंनी राष्ट्रध्वजाचा ठराव मांडला. ठराव इंग्रजीत होता. सभेचे बहुतेक कामकाजच त्या भाषेत चालत असे. ध्वजाचा पहिला रंग सांगताना मसुदाकारांनी ‘डीप सॅफ्रन’ असे लिहिले आणि तेवढ्याने समाधान न होऊन लगेच कंसात ‘केसरी’ हा आपला शब्द घातला. निळ्या चाकाला इंग्रजी शब्द वापरला, तो कशाचे प्रतीक हे सांगताना ‘चरखा’ म्हटले आणि त्याची आकृती सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंहशीर्षाच्या बैठकीवर जशी आहे तशी, हे सांगताना पुन्हा कंसात ‘चक्र’ लिहिले. इंग्रजीवर असामान्य प्रभुत्व असलेल्या त्या सभेला एका लहानशा ठरावात तीन ठिकाणी देशी शब्दाचा आधार घ्यावासा वाटला. इंग्रजीचे पहिलेच पुस्तक हाती घेतलेल्या मुलाला मात्र आपण सांगतो की ‘ऑरेंज’ आणि ‘सर्कल’ पुरे!

शिवाय केशरी हा रंग ध्वजावर आपोआप आलेला नाही. १९२१ साली पिंगली वेंकय्या यांच्या आराखड्यावरून जो चरख्याचा ध्वज प्रचारात आला, त्याचे पट्टे पांढरा, हिरवा आणि तांबडा असे होते. पुढे रंगांच्या अर्थावरून वाद वाढले. १९३१ साली काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. सरदार पटेल, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या, डॉ. ना. सु. हर्डीकर आणि काकासाहेब कालेलकर हे तिचे सदस्य. ह्या समितीने संपूर्ण ध्वजच केशरी असावा आणि त्यावर चरखा असावा, अशी शिफारस केली. काँग्रेसने ती मान्य केली नाही, हे खरे. परंतु तांबडा पट्टा गेला, त्याच्या जागी केशरी आला आणि तो सर्वांत वर चढला. ज्या एका रंगासाठी देशातील धुरीणांनी दहा वर्षे खल केला, त्याचे नाव फळाच्या नावावरून उरकून टाकणे ही काही फार मोठी शैक्षणिक सोय नव्हे.

मराठीत ह्या परिसरातील रंगांना निदान तीन स्वतंत्र नावे आहेत. नारिंगी फळावरून आला. केशरी केशरावरून. आणि भगवा हा संन्याशाच्या छाटीचा आणि वारकऱ्याच्या पताकेचा. लहान मूलही मराठीत बोलताना ह्या तिन्हींची गल्लत करीत नाही. इंग्रजीत शिरताच मात्र तिन्ही एकाच डब्यात पडतात. गंमत अशी की ‘ऑरेंज’ हा शब्द मुळात आपल्या ‘नारंग’चाच वंशज. संस्कृतातून फारसीत, तेथून अरबीत आणि पुढे युरोपात फिरत फिरत तो इंग्रजीत पोहोचला. ‘सॅफ्रन’चेही मूळ अरबी ‘जाफरान’मध्ये आहे. म्हणजे इंग्रजीने दोन रंगांसाठी बाहेरून दोन शब्द आणून जपले आणि आपण तिच्यापासून शिकताना त्यांतला एकच उचलला.

एखाद्या ध्वजावर ‘ऑरेंज’ हाच शब्द अचूक असतो, हेही ध्यानात घ्यावे. आयर्लंडचा ध्वज हिरवा, पांढरा आणि नारिंगी, मात्र पट्टे उभे. तेथील नारिंगी रंगाचा संबंध ऑरेंज घराण्यातील राजा विल्यम आणि त्याला मानणाऱ्या प्रोटेस्टंट समाजाशी आहे. हिरव्याचा कॅथॉलिक परंपरेशी. मधला पांढरा दोहोंतील समेटाचा. आयरिश मुलाने आपल्या ध्वजाला ‘सॅफ्रन’ म्हटले तर त्याचे शिक्षक त्याला तत्काळ थांबवतील. आपण का थांबवू नये?

येथे एक आक्षेप हमखास घेतला जाईल. ज्याला अजून दहा रंग धड येत नाहीत, त्याच्यावर ‘सॅफ्रन’सारखा अवघड शब्द लादावा काय? ह्या आक्षेपात दम नाही. तीच मुले ‘डायनोसॉर’ आणि ‘हेलिकॉप्टर’ लीलया उच्चारतात, क्रिकेटपटूंची आडनावे बिनचूक सांगतात. ‘सॅफ्रन’ दोन अवयवांचा शब्द आहे. शब्द अवघड असतो तो लांबीमुळे नव्हे, तर त्यामागची वस्तू मुलाला ठाऊक नसल्यामुळे. केशर घरात असते, मसाले दुधात असते, श्रीखंडात असते. चिमूटभर केशर वाटीभर दुधात टाकून रंग कसा उतरतो ते वर्गात दाखवले की तो शब्द मूल जन्मात विसरणार नाही. चाकाचेही तसेच. ‘सर्कल’ म्हणजे नुसती गोल रेघ; ‘व्हील’ला आरे असतात. सायकलच्या दुकानात वावरलेल्या पोराला ‘स्पोक’ हा इंग्रजी शब्द शिकवावाच लागत नाही. चक्राचे आरे मोजायला लावावेत, चोवीस भरतील, आणि तेवढ्यात वीसच्या पुढचे इंग्रजी आकडेही घोटून होतील.

खरे तर भाषाशिक्षणाच्या दृष्टीने हा पाठ सोन्यासारखा आहे आणि त्याचा पुरेसा उपयोग करून घेतला जात नाही, ही खंत रंगाच्या नावाइतकीच मोठी आहे. मराठी मुलाला इंग्रजीत जे जे अडते, ते सारे येथे एका चौकटीत सापडते. मराठीत आपण ‘ध्वजाला तीन पट्टे आहेत’ म्हणतो. इंग्रजीत ध्वज पट्टे ‘बाळगतो’. ‘इट हॅज’ ही रचना मराठीत नाहीच, म्हणून ती नियम सांगून कळत नाही, दहा ध्वजांचे वर्णन केल्यावर अंगवळणी पडते. ‘पट्ट्यावर’ ह्या शब्दातील ‘वर’ आपल्याकडे नामाच्या मागे चिकटते, इंग्रजीत ते नामाच्या पुढे उभे राहते. एक चक्र आणि अनेक आरे, ह्यांतून ‘देअर इज’ आणि ‘देअर आर’ यांचा भेद आपसूक उमगतो. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे तर आपल्या भाषेत नावालाही नाहीत.

हे शिकवण्याची एक साधी रीत आहे. दोन मुले पाठीला पाठ लावून बसवावीत. एकाच्या हाती ध्वजाचे चित्र, दुसऱ्याच्या हाती कोरा कागद आणि रंगीत खडू. पहिल्याने इंग्रजीत वर्णन करायचे, दुसऱ्याने ऐकून काढायचे. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. वर्णनात कोठे चूक झाली हे शिक्षकाने सांगण्याची गरजच उरत नाही, कागदच सांगतो. ‘ॲट द टॉप’च्या जागी ‘ॲट द बॉटम’ आले तर ध्वज उलटा होतो, आणि केशरी पट्टा खाली येईल असा ध्वज लावण्यास २००२ पासून लागू असलेल्या ध्वजसंहितेने मनाई केली आहे. एका शब्दयोगी अव्ययाच्या चुकीने काय होते, हे ह्यापेक्षा परिणामकारकपणे कोणते व्याकरणाचे पुस्तक शिकवील?

तास संपल्यावर ह्या कागदांचे काय होते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. कागदी ध्वज जमिनीवर टाकू नयेत, त्यांचे विसर्जन प्रतिष्ठेस साजेल अशा रीतीने खाजगीत करावे, असे तीच संहिता सांगते. इंग्रजीचा तास झाल्यावर बाकांखाली चुरगळलेले तिरंगे झाडूने गोळा होत असतील, तर मुले त्या तासात शब्द शिकली आणि दुसरेही काही शिकली.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. तो वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. इंग्रजी यावी, उत्तम यावी. परंतु ज्या मुलांचे सारेच शिक्षण इंग्रजीतून होते, त्यांच्या बाबतीत एक निराळीच गोष्ट घडते. त्यांना ध्वजाची पहिली ओळखच ह्या वर्णनाच्या पाठातून होते. ‘केशरी’ आणि ‘चक्र’ हे शब्द त्यांच्या कानी नंतर पडतात, आणि तेही भाषांतर म्हणून. क्रम उलटा झाला आहे. तो घरी सरळ करता येतो. पंधरा ऑगस्टच्या आदल्या रात्री आजोबांनी नातवाला मराठीत ध्वजाची गोष्ट सांगितली, तर दुसऱ्या दिवशी शाळेतील इंग्रजी वाक्य आपोआप अचूक होते, कारण मुलाला काय सांगायचे आहे हे मुलाला ठाऊक असते.

ह्याचे दुसरे टोकही टाळले पाहिजे. काही उत्साही शिक्षक इंग्रजीचा तास बाजूला ठेवून त्याग, शांती आणि समृद्धी यांवर अर्धा तास प्रवचन देतात. संविधान सभेच्या ठरावात रंगांना कोणताही अर्थ जोडलेला नाही. केशरी रंगाचा संबंध त्याग आणि निःस्पृहतेशी जोडणारे सुप्रसिद्ध विवेचन डॉ. राधाकृष्णन यांचे. ते मराठीत, दोन वाक्यांत सांगावे आणि पुन्हा इंग्रजीकडे वळावे. भाषा बोलल्याने येते, ऐकून घेतल्याने नव्हे.

आणि इतरांच्या ध्वजांबद्दलही हाच काटेकोरपणा हवा. तक्त्यावर नेपाळचा ध्वज दिसला की मुले हसतात, कारण तो चौकोनी नाही. दोन त्रिकोणी पताका एकावर एक असाव्यात असा हा ध्वज. किरमिजी रंग, निळी किनार, वर चंद्र आणि खाली सूर्य. आपल्याकडील देवळांच्या शिखरांवर फडकणाऱ्या ध्वजांशी त्याचे नाते मुलांनी क्षणात ओळखावे. तो कसा आखावा याची भूमितीची कृती त्या देशाच्या संविधानाच्या परिशिष्टातच पायरीपायरीने दिली आहे. बांगलादेशाच्या हिरव्या ध्वजावरील तांबडे वर्तुळ जपानप्रमाणे बरोबर मध्यभागी नसते, किंचित काठीकडे सरकलेले असते. ‘इन द मिडल’ म्हणणाऱ्या मुलाला येथे थांबवून पुन्हा बघायला सांगावे.

वर्तमानकाळ पक्का झाला की भूतकाळाच्या पाठासाठीही ध्वजच घ्यावा, आणि त्यासाठी पुण्यातील मुलांना तरी लांब जावे लागत नाही. मादाम कामा यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथे फडकावलेला ध्वज केसरीवाड्यात जपलेला आहे. वर हिरवा, मध्ये सोनेरी केशरी, खाली तांबडा. हिरव्या पट्ट्यावर आठ कमळे, तांबड्यावर सूर्य आणि चंद्रकोर. ‘इट हॅड थ्री स्ट्राइप्स, देअर वेअर एट लोटसेस’ इथपर्यंत दुसरी-तिसरीतील मूल सहज पोहोचते. मग त्याची नजर मधल्या पट्ट्यावर जाते. तेथे ‘वन्दे मातरम्’ अशी अक्षरे आहेत, देवनागरीत, आणि ती त्याला इंग्रजीत सांगण्याआधीच वाचता येतात.