अठरा तास बसलो, पण आठवले किती?

१४ एप्रिल जवळ आला की राज्यातल्या अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत, वसतिगृहांत आणि वस्त्यांमधल्या बुद्धविहारांत एक दृश्य हमखास दिसते. सकाळी सहाला बाबासाहेबांच्या प्रतिमेला पुष्पहार घातला जातो, त्रिशरण-पंचशील होते आणि मुले-मुली पुस्तके उघडून बसतात, ती रात्री बाराच्या सुमारासच उठतात. ‘सलग अठरा तास अभ्यास’ हा आपल्या चळवळीने उभा केलेला उपक्रम. जयंती म्हणजे फक्त डीजे, असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगले उत्तर नाही. म्हणूनच या उपक्रमाबद्दल एक अवघड प्रश्न आपला आपणच विचारायला हवा. त्या अठरा तासांतले महिन्याभरानंतर, परीक्षेच्या टेबलावर, किती आठवते?

कोणत्याही अभ्यासिकेत दुपारी चार वाजता एक फेरी मारून पाहा. बहुतेक जण वाचत असतात. झेरॉक्स नोट्सवर पिवळा हायलायटर फिरत असतो. पान संपले की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. कोणी गाईडमधले उत्तर वहीत सुंदर अक्षरात उतरवून काढत असतो. वही मिटून, कोऱ्या कागदावर, न बघता लिहिणारा मात्र क्वचितच सापडतो. मेहनतीत कुठे कसूर नाही. चूक आहे ती पद्धतीत, आणि तिची किंमत आपल्या मुलांना इतरांपेक्षा जास्त मोजावी लागते.

ती कशी? घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच पिढी असेल तर अभ्यास कसा करायचा हे सांगणारे घरात कोणी नसते. ‘खूप वाच, जागून वाच’ एवढेच आई-वडील सांगू शकतात आणि ते मनापासून सांगतात. मुलगा तसे करतोही. पेपरात मात्र शब्द आठवत नाहीत आणि एटीकेटी लागते. मग तो पद्धतीला दोष देत नाही, स्वतःला देतो. ‘आपल्याला हे जमणार नाही’ हे वाक्य त्याच्या मनात तेव्हा घर करते. ज्या समाजाला शतकानुशतके हेच ऐकवले गेले, त्याच्या मुलाने ते स्वतःहून म्हणावे, यापेक्षा मोठे नुकसान कोणते?

हा प्रश्न आजच निकडीचा का, तेही पाहू. २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम सुरू झाले. विषय वाढले, क्रेडिट आले, सेमिस्टरच्या मध्येच अंतर्गत मूल्यमापन आले. सेमिस्टर सुरू झाले म्हणेपर्यंत परीक्षेचे वेळापत्रक लागते. वर्षभर निवांत राहून शेवटच्या महिन्यात रात्री जागवायच्या, हा जुना हिशेब आता बसत नाही. दुसरीकडे राज्य लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक केली. पर्याय वाचून बरोबर उत्तर ओळखणे वेगळे आणि कोऱ्या पानावर ते स्वतः मांडणे वेगळे. पुन्हा पुन्हा वाचून ओळख पक्की होते. मांडायला मात्र मांडण्याचाच सराव लागतो.

यावर संशोधन काय सांगते? २००६ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. त्यांना सुमारे ८३ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने चित्र उलटले. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते, लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के. यातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्याला हे चांगले लक्षात राहील, असा भरवसा वाचणाऱ्या गटालाच जास्त होता.

आपली फसगत नेमकी इथेच होते. चौथ्यांदा वाचताना पान ओळखीचे वाटते आणि ओळखीचे वाटले की ‘झाले पाठ’ असे वाटते. पुस्तक समोर असते तोवर हा भ्रम टिकतो. ही चूक आपलीच मुले करतात असेही नाही. त्याच विद्यापीठातल्या १७७ विद्यार्थ्यांना पुढे विचारले गेले, तेव्हा ८४ टक्क्यांनी आपण नोट्स पुन्हा वाचतो असे सांगितले. न बघता आठवून पाहतो असे सांगणारे ११ टक्केच निघाले. फरक एवढाच, की तिथल्या मुलाला सावरायला शिकलेले घर, शिकवणी आणि वेळ असतो. आपल्याकडच्या मुलाचे एक वर्ष गेले तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातली जागा दोन्ही धोक्यात येतात.

दुसरी गोष्ट अंतराची. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते, की विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि नंतर मंदावतो. म्हणून विसरायला लागलो की पुन्हा आठवून पाहायचे, मग थोडे जास्त अंतर ठेवून पुन्हा. २००८ साली तेराशेहून अधिक लोकांवर झालेल्या एका अभ्यासात हे अंतर मोजले गेले. चाचणी उजळणीनंतर आठवड्याने असेल तर दोन अभ्यासांमध्ये एक दिवसाचे अंतर सर्वात फायद्याचे ठरले. चाचणी ३५ दिवसांनी असेल तर साधारण ११ दिवसांचे. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती तपासल्या. सर्वात उपयोगी ठरल्या त्या याच दोन: स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतराने वाटणे. अधोरेखन आणि पुन्हा वाचन तळाच्या गटात गेले.

‘पण बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत’, असे कोणी म्हणेल. वाचत होतेच. पण त्या तासांचे त्यांनी काय केले, हे आपण सांगायला विसरतो. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीला मुदत होती, म्हणून तास मोजावे लागत होते. पण ९ मे १९१६ रोजी, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिव्यवस्थेवरचा आपला निबंध वाचला. वाचलेले सगळे पचवून, स्वतःच्या शब्दांत, जाणकारांसमोर, आक्षेप घ्यायला मोकळीक देऊन मांडले. लंडनमध्ये डीएस्सीचा रुपयावरचा प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहून आणायला सांगितला, तेव्हा मुंबईत परतल्यावर त्यांनी तो पुन्हा लिहून पाठवला आणि १९२३ साली पदवी मिळवली. वाचणे, मांडणे, तपासून घेणे, चुका दुरुस्त करून पुन्हा मांडणे. अठरा तासांच्या आत ही साखळी होती. आपण तास उचलले, साखळी मागे राहिली.

आपल्या धम्मपरंपरेलाही ही साखळी नवी नाही. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. परंपरा सांगते, की महाकाश्यप प्रश्न विचारत गेले, विनयाबद्दल उपालींनी आणि धम्माबद्दल आनंदांनी उत्तरे दिली, मग संघाने ती एकत्र म्हटली. त्यानंतर कित्येक पिढ्या भाणक भिक्खूंनी सुत्ते मुखोद्गत ठेवली. श्रीलंकेत ती ग्रंथबद्ध झाली इसवी सनपूर्व पहिल्या शतकात. तोपर्यंत उघडून पुन्हा वाचायला पोथीच नव्हती. होते ते आठवणे, एकमेकांना विचारणे आणि चुकले तर संघात दुरुस्त करणे.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू. समजा बीएच्या अर्थशास्त्राच्या तासाला आज ‘मागणीची लवचिकता’ शिकवली. संध्याकाळी वही मिटा. कोऱ्या कागदावर दहा मिनिटे आठवेल ते लिहा: व्याख्या, सूत्र, प्रकार, एक उदाहरण, आकृती. मीठ महागले तरी खप फारसा का घटत नाही, हेही स्वतःच्या शब्दांत लिहा. मग वही उघडून ताडून पाहा आणि सुटलेले लाल पेनाने भरा. तो लाल भाग हाच तुमचा खरा अभ्यासक्रम. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटे, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी तेच करा. दर वेळी लाल रंग कमी होताना दिसेल. कागदावर तारीख टाकून फाईलला लावा. परीक्षेच्या आदल्या रात्री चाळायला ही फाईल पुरते.

गणिते आणि आकडेमोडीच्या विषयांत एकाच प्रकारची वीस उदाहरणे ओळीने सोडवू नका. प्रकार मिसळा, कारण पेपरात कोणते सूत्र कुठे लावायचे हे सांगायला कोणी नसते. विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा आणि घड्याळ लावून सोडवा, पेपर जेवढ्या वेळाचा तेवढाच वेळ. ‘आयएमपी’ची यादी शोधण्यासाठी नव्हे, तर आपण कुठे अडतो ते कळण्यासाठी. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत पेपर लिहायचा असेल तर आधी मुद्दा मराठीत आठवून मांडा, समजला की नाही ते तिथेच कळेल. मग तोच इंग्रजीत लिहा. भाषेची अडचण आणि विषयाची अडचण वेगळी केली की दोन्ही लहान होतात. आणि झोप तोडू नका. दिवसभर शिकलेले मेंदू झोपेत पक्के करतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून मिळवलेली दोन प्रकरणे बाकीची दहा धूसर करतात.

सुरुवातीला हे सगळे त्रासाचे वाटेल. कोरा कागद समोर आला की काहीच येत नाही असे वाटते आणि वाचनाकडे परत पळावेसे वाटते. तो त्रास म्हणजे बुद्धी कमी असल्याचा पुरावा नव्हे. शिकणे त्याच त्रासात घडत असते. ही एक गोष्ट जरी आपण पहिल्या वर्षाच्या मुलांपर्यंत पोचवली तरी बरीच मुले शिक्षणातून गळायची वाचतील.

कार्यकर्त्यांसाठी म्हणून एक सूचना आहे. अठरा तासांचा उपक्रम बंद करू नका, त्याची रचना बदला. १४ एप्रिलच्या आधीचे सहा रविवार घ्या आणि दर रविवारी विहारात तीन तास बसा. बेरीज अठराच होते. पहिल्या तासात मागच्या रविवारचे न बघता लिहायचे. दुसऱ्या तासात जोडीने कागद बदलून तपासायचे आणि एकमेकांना प्रश्न विचारायचे. तिसऱ्या तासात नवे वाचायचे. वस्तीतल्या पदवीधरांनी, निवृत्त शिक्षकांनी लाल पेन घेऊन यायचे. जयंतीच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या विषयातला एक मुद्दा दहा मिनिटांत सर्वांसमोर मांडायचा. एकाच दिवशी सलग बसण्याची प्रथा ठेवायची असेल तरी हरकत नाही, फक्त दर तासातली शेवटची वीस मिनिटे पुस्तक मिटलेले असेल एवढा नियम करा. याला लागतो तो कागद, पेन आणि एक सतरंजी. शिकवणीची फी लागत नाही.

पण पद्धत बदलली म्हणजे सगळे प्रश्न सुटले, असे कोणी समजू नये. शिष्यवृत्ती वर्ष संपत आले तरी खात्यात येत नाही, अनेक महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि तासिका तत्त्वावर कारभार, घरात टेबलाएवढी जागा नाही, संध्याकाळी डिलिव्हरीचे काम. हे अभ्यासाच्या तंत्राने सुटणारे प्रश्न नाहीत. त्यासाठी निवेदने, मोर्चे, पाठपुरावा चालूच राहिला पाहिजे. उलट ज्याच्याकडे दिवसाला दोनच तास उरतात, त्याचे ते दोन तास वाया जाऊ नयेत, म्हणून तर पद्धतीचा एवढा आग्रह. व्यवस्थेशी लढणाऱ्या मुलाच्या हातात निदान त्याच्या कष्टाचे पूर्ण फळ पडावे.

येत्या जयंतीला विहारात अठरा तास पूर्ण करून उठाल, तेव्हा किती तास बसलो एवढेच सांगू नका. पुस्तक मिटा, शेजारच्याला प्रश्न विचारा आणि त्याला तुम्हाला विचारू द्या.

जय भीम!