विहिरीतला युरिया कुणाच्या पोटात?



गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या शेती खात्याकडे तीनच प्रश्न येतात : तोड कधी, टोळी किती कोयत्यांची, आणि गाडी मिळणार की नाही. पाण्याबद्दल विचारलेच तर कॅनॉलची पाळी केव्हा आणि वीज केव्हा, एवढेच. पिण्याच्या पाण्याबद्दल मला आजवर एकाही सभासदाने विचारलेले नाही. आणि खरे सांगायचे तर मीही कुणाला विचारले नव्हते.

मागच्या हंगामात एका फडावर गेलो होतो. टोळीच्या कोप्या विहिरीजवळच पडल्या होत्या. तीनेक महिन्यांचे लेकरू मांडीवर घेऊन एक बाई बाटलीत पावडरचे दूध कालवत होती. पहाटेपासून तोडीला जावे लागते, अंगावरचे दूध पुरत नाही, म्हणाली. पाणी अर्थात विहिरीचे. शेतमालक माझ्या शेजारीच उभे होते. कौतुकाने म्हणाले, "साहेब, आपल्या विहिरीचं पाणी म्हणजे सकर हाये सकर! माह्या बापानं बी हेच पेलं."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण त्यांच्या वडिलांच्या काळी त्या विहिरीभोवती ज्वारी आणि कपाशी होती. आज सभोवार ऊस आहे, आणि त्या उसाला "खोडवा पिवळा दिसतो, आणखी एक गोणी टाका" असे सांगणारा माणूस मीच होतो.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक गुणवत्ता अहवालात भूजलात नायट्रेटचे प्रमाण फार वाढलेले देशातील १५ जिल्हे दिले आहेत. त्यांपैकी ७ महाराष्ट्रातले, आणि त्यांत आपला वर्धा आहे. शेजारचे यवतमाळ आणि अमरावती आहेत. ज्या बीड जिल्ह्यातून तोडणीच्या टोळ्या निघतात तो बीडही आहे, म्हणजे त्या बिचाऱ्यांना घरी तेच आणि दारीही तेच. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

हे नायट्रेट येते कोठून? सगळा दोष युरियाच्या माथी मारणे योग्य नाही. विहिरीला लागून उकिरडा, गोठ्याचे मूत, संडासाचा शोषखड्डा, हेही भागीदार आहेत. पण उसाच्या पट्ट्यात मोठा वाटा खताचाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. युरिया जमिनीत पडला की थोड्याच दिवसांत त्याचे नायट्रेट होते, आणि नायट्रेटला मातीचा कण धरून ठेवीत नाही. वरून मोकाट पाणी सोडले की ते पाण्याबरोबर खाली जाते आणि विहिरीच्या झऱ्याला लागते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची आहे. म्हणजे एकरी १०० किलो नत्र, म्हणजे सुमारे २१७ किलो युरिया; ४५ किलोच्या पाच गोण्यांनाही थोडा कमीच. तोही चार हप्त्यांत. डीएपी वा मिश्रखत वापरले तर त्यातले नत्र यातूनच वजा करायचे. आपण किती टाकतो आणि किती वेळा टाकतो हे ज्याचे त्याने मनाशी आठवावे. गोणी सुमारे २६६ रुपयांना मिळते, म्हणून हात सैल सुटतो.

आता खिशाचा हिशेब पाहा. समजा, तुमच्या विहिरीत नायट्रेट ९० निघाले, मर्यादेच्या दुप्पट. एकरी ८ सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे सुमारे ३ लाख २४ हजार लिटर पाणी. त्यात साडेसहा किलो नत्र येते, म्हणजे १४ किलो युरिया. दहा पाळ्यांचे १४० किलो, तीन गोण्यांहून जास्त! सगळे पिकाच्या तोंडी लागत नाही, निम्मेच धरा. तरी दीड गोणी युरिया विहिरीतून फुकट येते, आणि आपण वरून पुन्हा विकत आणून टाकतो. पाण्याचा अहवाल हाती असला तर खताची मात्रा कमी करण्याचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागणार नाही.

पण लेखाचे खरे कारण ते बाटलीतले दूध आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात नायट्रेट गेले की त्याच्या रक्तातले हिमोग्लोबिन बदलते आणि प्राणवायू वाहून नेण्यास निकामी होते. ओठ, नखे निळी पडतात, जीवही जाऊ शकतो. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या शेतांवरील विहिरींचे पाणी पाजलेल्या बाळांत हा आजार १९४५ मध्ये हंटर कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी प्रथम ओळखला. अंगावर पिणाऱ्या बाळाला हा धोका जवळजवळ नाही. बाहेरच्या दुधात विहिरीचे पाणी कालवले की धोका. आणि येथे आपली नेहमीची समजूत उलटी पडते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. तुरटी, ब्लीचिंग पावडर, साधा फिल्टर यांचाही उपयोग नाही. आर.ओ. यंत्राने ते कमी होते, पण कोपीवर आर.ओ. कुठून येणार?

मोठ्या माणसांना दीर्घकाळात काय होते याबद्दल जाणकारांत अजून एकमत नाही. म्हणून मी कुणाला घाबरवीत नाही. पण धोका तोलताना तो किती मोठा एवढेच पाहून भागत नाही, तो कुणाच्या अंगावर पडतो हेही पाहावे लागते. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कोणते औषध कशात मिसळायचे हे ठरवणारा अनेकदा एक होता आणि पंप पाठीवर घेणारा दुसरा. येथेही तसेच आहे. गोणी फोडण्याचा निर्णय आपला, सल्ला माझा, आणि बाटली त्या लेकराची.

माझी सूचना अशी की पुढील हंगामापासून माती परीक्षणाबरोबर विहिरीच्या पाण्याचेही परीक्षण व्हावे, आणि ज्या विहिरीवर टोळी उतरणार तिचा अहवाल आमच्या शेती खात्याकडे आधी असावा. पाणी मर्यादेबाहेर असेल तर कोप्या दुसरीकडे उतरवाव्यात किंवा पिण्याचे पाणी टाकीने द्यावे. यावर काही सभासद म्हणाले, "साहेब, आधीच टोळी वेळेवर भेटत नाही. हे कागद कशाले वाढवून राह्यले?" त्यांची अडचण खरी आहे. ऊस वाळला तर त्याचे वजन मी भरून देऊ शकत नाही. म्हणूनच हे काम तोडीच्या वेळी नव्हे, पावसाळा संपताच उरकले पाहिजे. खर्च कारखान्याने सोसावा असे माझे मत आहे. संचालक मंडळापुढे मी तसे मांडले आहे, सर्वसाधारण सभेत आपणही बोलावे. ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी तपासले जाते. शेतातली खासगी विहीर आपण नेल्याशिवाय कुणी तपासत नाही.

मंजुरीची वाट पाहायची नसेल त्यांनी एक करावे. मोटर दहा मिनिटे चालू द्यावी, एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी, वर गाव, गट क्रमांक व तारीख लिहावी आणि उन्हात न ठेवता त्याच दिवशी गट कार्यालयात आणून द्यावी. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोचविण्याचे काम माझे. खत घातल्यावर लगेच नमुना काढू नये, आणि खताच्या रिकाम्या डब्यात तर मुळीच आणू नये. मागे एकाने तसा आणला होता.

— ऊस विकास अधिकारी