साडेसतरा रुपये रोज

गेल्या पावसाळ्यात शिरगावची एक ताई आम्हाला पालघरच्या कोर्टात शोधत आली. तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे रोजंदारीवर जाते. मुलगी चौथीत, जन्मापासून कर्णबधिर. पिशवीत यूडीआयडी कार्ड, झेरॉक्सचा गठ्ठा आणि शिबिरात मिळालेले श्रवणयंत्र. यंत्र चांगले होते, पण कानात बसवायचा साचा घट्ट होऊ लागला होता. मूल वाढते तसा कान वाढतो, साचा वाढत नाही. दर काही महिन्यांनी तो नवा करावा लागतो. त्यासाठी बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत जायचे म्हणजे एक रोज बुडवायचा. बॅटऱ्या संपल्या की मुलगी वर्गात नुसती बसून राहते.

ताई तीन कार्यालये फिरून आली होती. एकीकडे फंड नाही म्हणाले, दुसरीकडे ते आमच्याकडे येत नाही म्हणाले, तिसरीकडे मार्चमध्ये या म्हणाले. ती कार्यालये कोणती ते इथे लिहीत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात हीच तीन उत्तरे याच क्रमाने मिळतात. तिने आम्हाला अर्ज लिहून मागितला. म्हणाली, "साहेब, दया करावी असं लिहा."

आम्ही ते लिहिले नाही. का लिहिले नाही, ते सांगण्यासाठी हा मजकूर.

आधी हिशेब पाहू. २०१८ साली सर्व शिक्षा अभियान आणि माध्यमिक शिक्षा अभियान एकत्र करून समग्र शिक्षा योजना आली. केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यासाठी वर्षाला ३,५०० रुपये हा निकष तेव्हा ठरला. २०२१ मध्ये योजना पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवली तेव्हाही आकडा तोच राहिला. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षातून किमान २०० दिवस भरली पाहिजे. ३,५०० ला २०० ने भागा. दिवसाला साडेसतरा रुपये! यातच तपासणी शिबिर, साधने, ब्रेल पुस्तके, प्रवास आणि मदतनीस भत्ता. मुलींना दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता वेगळा, तोही दहाच महिने. उरलेल्या दोन महिन्यांत मुलगी बहुधा कर्णबधिर नसते!

दरम्यान सरकारने नाव बदलले. 'अपंग' गेले, 'दिव्यांग' आले. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही काढला. आमची त्याला हरकत नाही. पण अंगात दिव्यत्व आले म्हणून यंत्राला बॅटरी लागायची थांबत नाही.

आता शिक्षकाचे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात प्राथमिकला दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यावरच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक हवा, असे सांगितले. साडेतीन वर्षे लोटली तरी राज्ये हलेनात, म्हणून मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पदे मंजूर करून भरण्याची मुदत घालून द्यावी लागली. महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्यांना त्यातून न्याय मिळणार असेल तर स्वागतच आहे. पण एका केंद्रात साधारण दहा शाळा असतात. आज शिरगाव, उद्या सातपाटी, परवा माहीम असा फिरणारा शिक्षक त्या मुलीच्या वाट्याला आठवड्यातून किती तास येईल? जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांत तर दोन शाळांमध्ये अख्खी टेकडी उभी असते.

पैसा नाही, हे उत्तर सगळेच खोटे नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला तेव्हा मोठमोठ्या महानगरपालिका ठाण्याकडे राहिल्या आणि कुपोषणाचे तालुके इकडे आले. वसई-विरारची महानगरपालिका जिल्ह्यात असली तरी तिची तिजोरी वेगळी. जिल्हा परिषदेला स्वतःचे उत्पन्न थोडे, बाकी सगळी अनुदानाची वाट. मुद्रांक शुल्काचा हिस्सा शासन देईल तेव्हा. हे आम्ही मान्य करतो.

पण कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम ३१ : सहा ते अठरा वर्षांच्या, ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क. कलम १७ : अठरा वर्षांपर्यंत पुस्तके आणि योग्य ती सहायक साधने विनामूल्य पुरवायची. कुणी? शासनाने आणि 'स्थानिक प्राधिकरणांनी'. हा दुसरा शब्द वाचकांनी नीट वाचावा. जिल्हा परिषद त्यात आली, नगर परिषद आली, ग्रामपंचायतही आली. आणि साच्याशिवाय, बॅटरीशिवाय श्रवणयंत्र हे साधन कसले? तो प्लॅस्टिकचा तुकडा.

निधी नाही हा बचाव तर १९८० सालीच निकालात निघाला. रतलाम नगरपालिकेने गटारे बांधायला पैसे नाहीत असे सांगितले, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तिजोरीचे कारण सांगून कायद्याने नेमलेले कर्तव्य टाळता येत नाही, असा निवाडा दिला. जे गटाराला लागू, ते मुलीच्या कानाला लागू नाही काय?

इंग्लंडमधल्या स्थानिक परिषदाही याच खर्चाने तुटीत गेल्या आहेत. पण तिथे २०१४ च्या कायद्याने ज्या मुलाची गरज मोठी, त्याची गरज आधी कागदावर लिहिली जाते आणि त्यातली तरतूद परिषदेवर बंधनकारक होते. मग पैशासाठी परिषद आणि सरकार भांडत बसते. आपल्याकडे रक्कम आधी ठरते आणि मूल त्यात बसवले जाते.

मुंबई विधिमंडळात १९२७ साली शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी असाच हिशेब मांडला होता. सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करते आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर परत द्या, ही त्यांची मागणी होती. घेतले किती आणि दिले किती, हा प्रश्न बोईसर-तारापूर पट्ट्यात आजही विचारावा लागतो. १९६९ पासून इथे अणुवीज तयार होते, शेकडो कारखान्यांची चिमणी आणि नाला आम्ही सोसतो. सामाजिक दायित्वाच्या नावाने वाटलेल्या दप्तरांचे फोटो आम्ही पुष्कळ पाहिले.

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, हे आपल्या कार्यकर्त्याला झोपेतही सांगता येते. पाच टक्के दिव्यांगांसाठी, पूर्वी तीन होते, हे किती जणांना ठाऊक आहे? या निधीतून वैयक्तिक लाभ देता येतो, सामूहिक कामही घेता येते. प्रत्यक्षात मार्चअखेर यादी काढायची, सगळ्यांना सारखी रक्कम वाटायची, हार घालून फोटो काढायचा. सत्तरीचे आजोबा आणि चौथीतली मुलगी यांची गरज एकच, असे धरून! आणि तेव्हा आपण काय करतो? टाळ्या वाजवतो. शिष्यवृत्ती अडली की आपण मोर्चा काढतो आणि काढायलाच हवा. पण आपल्याच वस्तीतले मतिमंद किंवा बहिरे मूल दाराआड बसले तर ते त्या घराचे दुःख समजून पुढे जातो. 'शिका' हा आदेश त्या मुलाला वगळून दिलेला नव्हता. हा दोष आमचाही आहे, वकिली करून वीस वर्षे झाली तरी हा पाच टक्क्यांचा हिशेब आम्ही एकदाही ग्रामसभेत मागितला नव्हता.

ताईचा अर्ज आम्ही एका पानात लिहिला. मुलीची गरज : साचा वर्षातून जितक्या वेळा बदलावा लागेल तितक्या वेळा, बॅटऱ्या, बांद्र्याला जाण्याचा दोघींचा खर्च. आधार : कलम १७ आणि ३१. मागणी : पाच टक्के निधीचे मागील तीन वर्षांचे खर्चाचे रजिस्टर ग्रामसभेपुढे ठेवावे आणि येणाऱ्या वर्षाच्या अंदाजपत्रकात शाळकरी मुलांच्या साधनांसाठी वेगळे शीर्ष धरावे. 'दया' हा शब्द कुठेच नाही. ताईने तो दोनदा वाचून घेतला आणि खाली सही केली. पोच घेतली आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय पटलावर यावा, असेही त्यात लिहिले आहे. त्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर लगेच घरी न जाता सभेला थांबायचे, असे वस्तीतल्या अकरा जणांनी कबूल केले आहे.