छातीत पाणी झालं म्हणजे नेमकं कुठे?

मैत्रिणींनो, बरगडीत कळ आली की आपण तिचं नाव लगेच ठरवून टाकतो – उसण भरली! बादली उचलताना भरली, गादी उलटताना भरली, नाहीतर रात्रभर पंख्याखाली झोपल्याने भरली. मग बाम चोळायचा, तव्यावर फडकं गरम करून शेकायचं आणि कामाला लागायचं. बहुतेक वेळा ती खरोखरच उसण असते, नाही असं नाही. पण एक दुखणं उसणीचं सोंग घेऊन येतं, आणि त्याची खोड अशी की, ते आपोआप थांबलं तर कधीकधी जास्त सावध व्हावं लागतं. असं का, हे कळायला फुप्फुसाभोवतीच्या आवरणाची ओळख करून घ्यायला हवी. डॉक्टर त्याला प्लुरा म्हणतात, आपण फुप्फुसावरण म्हणू.

एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी घ्या. आत तेलाचे चार थेंब टाका, हवा काढून तोंड बांधा. आता बाहेरून तिच्यात आपली मूठ अशी दाबा की पिशवी मुठीला चहूबाजूंनी वेढेल. मूठ पिशवीच्या आत गेली का? नाही. पण मुठीभोवती दोन पदर झाले: एक मुठीला लगटलेला, दुसरा त्याच्या बाहेर, आणि मध्ये तेलाचा ओलावा. मूठ म्हणजे फुप्फुस. मनगट म्हणजे त्याचा देठ, जिथून श्वासनळीची फांदी आणि रक्तवाहिन्या आत शिरतात. त्या देठापाशीच आतला पदर वळून बाहेरचा पदर होतो. म्हणजे पदर दोन दिसले तरी कापड एकच, आणि तेही नाजूक, पेशींच्या एकाच थराचं अस्तर असलेलं.

आतला पदर फुप्फुसाला इतका घट्ट बिलगलेला असतो की वेगळा सोलून काढता येत नाही. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग आणि डाव्याचे दोन. त्यांच्यामधल्या भेगांतही तो शिरतो. बाहेरचा पदर ब्लाउजच्या अस्तरासारखा बरगड्यांना आतून लागलेला असतो. खाली तो श्वासपटलावर पसरतो, मध्ये हृदयाच्या कडेने जातो, आणि वर? वर तो चक्क मानेत चढतो, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्याही दोन-तीन सेंटिमीटर वर. फुप्फुस फक्त छातीत असतं ही आपली समजूत तेवढी अपुरी.

आमच्या शाळेत आठवीच्या एका मुलीने विचारलं होतं, “बाई, मग फुप्फुस छातीला चिकटवलंय कशाने?” प्रश्न मोठा छान आहे. देठाचा भाग सोडला तर कशानेच नाही! दोन ओल्या ताटल्या एकावर एक बसल्या की कशा घट्ट होतात? सरकवल्या तर सुरळीत सरकतात, पण ओढून सुटत नाहीत. तोच प्रकार इथे आहे. दोन पदरांमध्ये एका बाजूला सुमारे १० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे, एवढाच द्रव असतो. फुप्फुस रबरासारखं आत आक्रसू बघतं, छातीचा पिंजरा बाहेर फुलू बघतो, आणि या ओढाताणीत मधल्या जागेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी राहतो. म्हणून बरगड्या फुलल्या की फुप्फुसही त्यांच्यामागून फुलतं. मिनिटाला १५ श्वास धरले तरी दिवसाला २१,६०० वेळा हे पदर एकमेकांवरून घसरतात, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

मधल्या जागेत हवा शिरली तर मात्र त्या बाजूचं फुप्फुस आक्रसून बसतं. दोन फुप्फुसांच्या पिशव्या अगदी वेगळ्या असतात म्हणून बरं, दुसरी बाजू तोवर काम चालवते.

आता दुखण्याकडे वळू. आतल्या पदराला वेदना कळतच नाही; कळते ती बाहेरच्याला. त्याला सूज आली की दर श्वासाला तो दुसऱ्या पदरावर घासतो आणि सुई टोचावी तशी कळ येते. खोल श्वास घेतला, खोकला-शिंक आली की जास्त. श्वासपटलाच्या मधल्या भागावरच्या पदराला सूज असेल तर दुखतो चक्क खांदा, कारण दोघांच्या नसा मानेत एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. खांद्याला बाम लावून मग काय होणार?

ही घासण डॉक्टरांना नळीतून ऐकू येते, नव्या कोल्हापुरी चपलेसारखी करकर. जाता जाता सांगते, ती नळी निघाली १८१६ साली पॅरिसमध्ये. एका तरुण बाईच्या छातीला कान लावणं लेनेक या डॉक्टरांना प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी केली आणि तिच्यातून ऐकलं. म्हणजे एका बाईच्या संकोचातून सगळ्या जगाची सोय झाली!

सुजेबरोबर द्रवही वाढू लागतो. एरवी तो सतत पाझरतो आणि सतत शोषलाही जातो. मोरीतला नळ चालू, पण जाळी मोकळी, असा हिशोब. नळ मोठा झाला किंवा जाळी तुंबली की मोरी भरते. हेच ते ‘छातीत पाणी होणं’. पाणी फुप्फुसाच्या आत नसतं, दोन पदरांच्या मध्ये असतं. आणि मुख्य गोष्ट ही की, मध्ये पाणी आलं की पदर दूर होतात, घासणं थांबतं आणि कळ नाहीशी होते! बाई म्हणते, शेकाने उतार पडला. इकडे पाणी वाढतच असतं. आवरणाची पिशवी फुप्फुसाच्या कडेच्या जवळजवळ दोन बरगड्या खालपर्यंत गेलेली असते. पाणी आधी त्या खोलगट जागेत साठतं. उभ्याने काढलेल्या साध्या एक्स-रेतही सुमारे २०० मिलिलिटर झाल्याशिवाय ते सहसा दिसत नाही. सोनोग्राफीत त्याआधी कळतं.

तेव्हा कळ गेली, पण जिना चढताना दम लागू लागला, एका कुशीवर झोपवेना, संध्याकाळी कणकण येते, ब्लाउज सैल होऊ लागले, तर ‘दमले असेन’ म्हणून सोडून देऊ नका. घरात सगळ्यांचा ताप थर्मामीटरने मोजायचा आणि आपला मात्र कपाळाला हात लावून, ही आपली जुनी सवय आहे. बाळंतपणानंतर अचानक अशी कळ येऊन धाप लागली तर मात्र त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. पायात झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते.

पाण्याची कारणं अनेक: न्यूमोनिया, हृदयाची कमजोरी, कॅन्सर. पण आपल्या देशात, विशेषतः तरुण वयात, क्षयाचा विचार आधी करावा लागतो. हे नाव ऐकताच काही घरांत सुनेची कपबशी वेगळी होते. फुप्फुसात क्षय नसून फक्त आवरणाचा असेल तर तो सहसा दुसऱ्याला लागत नाही, आणि फुप्फुसात आहे की नाही ते तपासून कळतं. कपबशीने तर क्षय पसरतच नाही. औषध साधारण सहा महिन्यांचं, सरकारी दवाखान्यात मोफत. महिन्या-दोन महिन्यांत बरं वाटतं आणि तिथेच पुष्कळजणी गोळ्या सोडतात. डॉक्टर थांबवतील तेव्हाच थांबवायच्या.

पाणी काढायचं म्हटलं की माणसं घाबरतात. एकदा काढलं की पुन्हा पुन्हा काढावं लागतं, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. पाणी पुन्हा भरतं ते मूळ आजार राहिला म्हणून, सुईमुळे नव्हे. टेबलावर उशी ठेवून पुढे वाकून बसवतात, जागा बधिर करतात आणि बरगडीच्या वरच्या कडेला लागून सुई घालतात, कारण रक्तवाहिन्या आणि नस खालच्या कडेने जातात. पाणी पुष्कळ असलं तरी एका वेळी साधारण दीड लिटरपेक्षा जास्त काढत नाहीत. त्यातलं थोडं तपासायला जातं. आजाराचं नाव पुष्कळदा त्यातूनच कळतं.

आणि सासूबाई म्हणाल्या की छातीत पाणी झालंय, तिला प्यायला पाणी कमी द्या, तर त्यांना पिशवीचा प्रयोग करून दाखवा. आपण पितो ते पाणी पोटात जातं, या दोन पदरांत नाही. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टर स्वतःहून पाण्याचं माप ठरवून देतात. ते सोडून तापाच्या माणसाला उगाच तहानलेलं ठेवू नका.