बिनकामाची तार

दोस्तांनो, मे महिन्याच्या सुट्टीत सोलापूरला बहिणीकडे गेलो होतो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. घरात भाच्याचा वेगळाच उद्योग चालला होता. माळ्यावरचा आजोबांचा जुना अँप्लिफायर त्याने खाली काढला होता. लोखंडी डबा, पुढे दोन मोठी बटणं. त्याला त्याने घरातला कॉम्प्युटर जोडला. गाणं लागलं, पण गाण्यामागे सारखा 'घूंऽऽ' असा आवाज.

तासाभराने स्वारी पळतच आली. "मामा, घूं-घूं घालवलो बघा!"

"कशी रे?"

"सोपं आहे की! प्लगमधली हिरवी तार काढून टाकलो. बिनकामाचीच असते ती. फक्त डब्याला हात लावलं की जरा मुंग्या येतात, एवढंच."

मी ताडकन उठलो. आधी बोर्डावरचं बटण बंद केलं आणि प्लग काढला. कारण हा पठ्ठ्या नुकत्याच पुसलेल्या ओल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभा होता!

काय घडू शकलं असतं, ते आता पाहू. आपल्या घरी 230 व्होल्टची वीज येते. फेजच्या तारेतून ती येते आणि न्यूट्रलच्या तारेतून परत जाते. तिसरी हिरवी (किंवा हिरवी-पिवळी) तार म्हणजे अर्थिंग. तिचं एक टोक यंत्राच्या धातूच्या डब्याला आणि दुसरं टोक घराबाहेर जमिनीत पुरलेल्या पत्र्याला किंवा नळीला जोडलेलं असतं. रोज तिच्यातून जवळजवळ काहीच वाहत नाही. म्हणूनच ती बिनकामाची वाटते. शाळेच्या भिंतीवर टांगलेली वाळूची लाल बादलीही रोज बिनकामाचीच वाटते, नाही का?

आता समजा, डब्यातल्या फेजच्या तारेचं प्लॅस्टिक फाटलं आणि ती डब्याला टेकली. हिरवी तार जागेवर असेल तर विजेला जमिनीत जायला सोपी वाट मिळते. त्या वाटेचा रोध 2 ओहम धरा. 230 भागिले 2, म्हणजे 115 अँपिअर! एवढा प्रवाह गेला की 5 अँपिअरचा फ्यूज क्षणात वितळतो आणि वीज बंद होते.

आणि हिरवी तार नसेल तर? डबा तसाच विजेने भारलेला राहतो आणि वाट पाहतो, तुमच्या हाताची. ओल्या अंगाचा रोध साधारण 1500 ओहम धरला, तर शरीरातून 150 मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जाईल. 1 मिलिअँपिअरला मुंग्या येतात. 10 च्या पुढे स्नायू आखडतात, हात सुटत नाही. 30 च्या पुढे हृदयाची लय बिघडू शकते. आणि फ्यूज? तो 5 अँपिअरचा, म्हणजे 5000 मिलिअँपिअरचा. त्याला या 150 चा पत्ताही लागत नाही! फ्यूज वायरिंगला वाचवतो. माणसाला एकटा फ्यूज वाचवू शकत नाही.

हे नुसतं गणित नाही बरं का. 1972 साली ब्रिटनमधल्या स्वान्सी गावी लेस हार्वी हा तरुण गिटारवादक भर कार्यक्रमात मंचावर कोसळला आणि गेला. त्याने हात लावलेल्या मायक्रोफोनला अर्थिंग नव्हतं.

मग ती घूं-घूं कुठून आली? कॉम्प्युटर एका खोलीतल्या बोर्डावर, अँप्लिफायर दुसऱ्या. दोघांची अर्थिंगची वाट वेगळी. त्यातल्या किंचित फरकामुळे आवाजाच्या वायरीतून बारीकसा प्रवाह फिरत राहतो आणि अँप्लिफायर तोच मोठा करून ऐकवतो. उपाय म्हणजे दोन्ही प्लग एकाच चांगल्या थ्री-पिन बोर्डावर लावायचे. आम्ही तेच केलं. आवाज गेला! पण त्याआधी वायरमनकाकांना बोलावून हिरवी तार पुन्हा जोडून घेतली. त्यांनी डबा उघडला तर काय, फेजच्या तारेचं प्लॅस्टिक कडक होऊन तडकलं होतं. ती डब्यापासून केसभर लांब होती. भाचा गप्पच झाला.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. अंगणातला अर्थिंगचा खड्डा खडखडीत वाळला होता. कोरड्या मातीतून वीज नीट जात नाही. त्या वाटेचा रोध 100 ओहम झाला तर प्रवाह 2.3 अँपिअरच, म्हणजे तार असूनही फ्यूज जात नाही! म्हणून तर खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी घालायची आठवण मोठ्यांना नक्की करा.

आईबाबांनी घरात 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (आता त्याला आरसीसीबी म्हणतात) बसवून घ्यावा. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत थोडाही फरक पडला, तर तो डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पुरवठा तोडतो.

आणि तुम्ही एवढं लक्षात ठेवा:

● थ्री-पिनचा प्लग टू-पिन करू नका. मात्र यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर त्याला दुहेरी आवरण असतं. त्याला टू-पिन चालते.

● मुंग्या आल्या की गंमत समजू नका. लगेच मोठ्यांना सांगा.

● अँप्लिफायरचा डबा उघडू नका. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

● कुणाला शॉक बसून हात चिकटला, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, मोठ्यांना हाक मारा आणि 108 ला फोन करा.

या आठवड्याचा उद्योग: बाबांना किंवा आईला बंद असलेला एक थ्री-पिन प्लग काढून दाखवायला सांगा. एक पिन बाकीच्या दोघींपेक्षा जाड आणि लांब दिसेल. ती अर्थची. ती लांब का केली असेल? विचार करा आणि उत्तर वहीत लिहा. मग खालची ओळ वाचा.

उत्तर: प्लग लावताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी म्हणून!